समितीची खोली आणि बहुमताचा हिशेब

काही महिन्यांपूर्वी एका अभ्यासवर्गात संसदीय कार्यपद्धतीवर विषयमांडणी करण्याचा योग आला. प्रश्नोत्तरांच्या वेळी एक तरुण कार्यकर्ता उभा राहिला. अभियांत्रिकीचे शिक्षण झालेला, वाचन बरे असलेला, बोलण्यात स्पष्ट. त्याने विचारले, "लोकांनी आपल्याला निवडून दिले आहे. सभागृहात आवश्यक ते संख्याबळ आहे. मग एखादे विधेयक समितीकडे पाठवून, तिथे विरोधकांना बसवून, सहा महिने घालवण्याचे कारण काय? शेवटी मतदान होणार आणि संख्याबळानेच निर्णय होणार. मग हा वेळेचा अपव्यय नव्हे काय?" सभागृहात टाळ्या पडल्या. त्या वेळी मी जे उत्तर दिले ते अपुरे होते, हे परतीच्या प्रवासात माझे मलाच जाणवत राहिले. म्हणून हा लेखप्रपंच.

त्या तरुणाचा प्रश्न मुळीच वावगा नाही. परस्परविरोधी पक्षांच्या सदस्यांना एका टेबलाभोवती बसवायचे आणि त्यांच्याकडून एकमताची अपेक्षा करायची, ही कल्पना प्रथमदर्शनी भाबडीच वाटते. निवडणुकीत एकमेकांवर तुटून पडणारी माणसे बंद खोलीत शिरली की एकाएकी समंजस कशी होतील? तथापि आपल्या संसदेचा अनुभव असा आहे की ती पुष्कळदा होतात. आणि जेव्हा होत नाहीत, तेव्हा त्याची कारणेही नेमकी दाखवता येतात.

सर्वांत जुने उदाहरण लोकलेखा समितीचे. ही समिती १९२१ साली ब्रिटिश राजवटीत स्थापन झाली. त्या काळात सरकारचा अर्थसदस्यच तिचा अध्यक्ष असे. म्हणजे ज्याने खर्च केला त्यानेच हिशेब तपासायचा! प्रजासत्ताकाच्या स्थापनेनंतर ती खऱ्या अर्थाने संसदेची समिती झाली आणि तिच्या अध्यक्षाची नेमणूक लोकसभाध्यक्षांकडे आली. आज तिच्यात लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ असे २२ सदस्य असतात. मंत्र्याला सदस्य होता येत नाही. सदस्यांची निवड प्रमाणशीर पद्धतीने होते, त्यामुळे सभागृहात ज्याचे बहुमत त्याचेच समितीतही वर्चस्व राहते. १९६७ पर्यंत अध्यक्षही सत्ताधारी पक्षाचाच असे. त्या वर्षीच्या निवडणुकीत काँग्रेसचे संख्याबळ घटले आणि एक नवा प्रघात पडला. स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी हे या समितीचे पहिले विरोधी पक्षीय अध्यक्ष झाले. कोणत्याही कायद्यात हे लिहिलेले नाही. तरीही आजवर तो संकेत पाळला गेला आहे.

मसानींच्या नंतर त्या खुर्चीवर कोण आले? अटलबिहारी वाजपेयी. जनसंघाचे संख्याबळ त्या वेळी काँग्रेसच्या जवळपासही नव्हते. पण देशाच्या तिजोरीचा हिशेब मागण्याचा अधिकार त्यांच्या हाती होता. १९९१ नंतर ते पुन्हा त्याच पदावर होते. नरसिंह राव यांच्या कारकीर्दीच्या अखेरीस आपल्या मुंबईचे राम नाईक तेथे होते. पुढे डॉ. मुरली मनोहर जोशी आले, जसवंत सिंह आले, काही काळ गोपीनाथ मुंडेही आले. जी मंडळी सरकारात नव्हती, ज्यांच्याकडे विधेयक संमत करण्याइतकी मते नव्हती, त्यांनी या एका खोलीत बसून मंत्रालयांच्या सचिवांना घाम फोडला. विरोधी बाकांवर काढलेल्या त्या दीर्घ काळात आपल्या नेत्यांचे जे प्रशासकीय शिक्षण झाले, त्याचा मोठा भाग या समित्यांमध्ये झाला.

तिथे नेमके काय घडते? नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल समोर असतो आणि ते स्वतः किंवा त्यांचे अधिकारी समितीच्या साहाय्यासाठी बसलेले असतात. समोर साक्षीला येतो तो खात्याचा सचिव; मंत्री येत नाही. त्यामुळे मंत्र्यावर हल्ला आणि त्याचा बचाव हा सभागृहातला नित्याचा खेळ तिथे मुळातच उद्भवत नाही. प्रश्न असतो तो साधा: अमुक रकमेची निविदा अमुक तारखेला उघडली, मग काम तीन वर्षे का रखडले? या प्रश्नाला पक्ष नसतो. बैठक बंद दाराआड होते. प्रेक्षक नाहीत, कॅमेरे नाहीत. मतदारसंघातल्या वृत्तपत्रासाठी भाषण ठोकण्याचे प्रयोजन उरत नाही. लोकलेखा समितीच्या अहवालाला भिन्नमतपत्रिका जोडण्याची पद्धत नाही, त्यामुळे वाक्यावाक्यावर घासाघीस करून सर्वांना मान्य होईल असा मजकूर सिद्ध करावा लागतो. आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी ध्यानात घेतली जात नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याचा पक्षादेश सभागृहातल्या मतदानाला लागू होतो, समितीतल्या मतदानाला नाही. लोकप्रतिनिधीला स्वतःच्या बुद्धीने मत देण्याची मोकळीक जिथे अद्याप शिल्लक आहे, अशा मोजक्या जागांपैकी समितीची खोली ही एक आहे.

ही व्यवस्था मोडते कशी, याचेही उदाहरण याच समितीने घालून दिले आहे. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये टू-जी स्पेक्ट्रमवरील महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेत आला. १ लाख ७६ हजार कोटींच्या संभाव्य नुकसानीचा आकडा घराघरांत पोहोचला. डॉ. जोशींच्या अध्यक्षतेखालील लोकलेखा समितीने चौकशी करून अहवालाचा मसुदा तयार केला. त्यात पंतप्रधान कार्यालयापर्यंत ताशेरे होते. मसुदा सदस्यांच्या चर्चेपूर्वीच वृत्तपत्रांत आला होता, आणि सत्ताधारी सदस्यांची त्यावरील तक्रार अगदीच निराधार म्हणता येणार नाही. २८ एप्रिल २०११ रोजी बैठक झाली. डॉ. जोशींनी ती तहकूब केली आणि ते बाहेर पडले. मागे राहिलेल्या काँग्रेस, द्रमुक, समाजवादी पक्ष आणि बसप यांच्या ११ सदस्यांनी काँग्रेसचे सैफुद्दीन सोझ यांना अध्यक्षस्थानी बसवले आणि मसुदा फेटाळल्याचे जाहीर केले. समितीत त्या वेळी २१ सदस्य होते. अकरा विरुद्ध दहा! हिशेब बिनचूक जमला. डॉ. जोशींनी आपला अहवाल लोकसभाध्यक्षांकडे धाडला; मीरा कुमार यांनी तो पुढे परत पाठवला.

त्या वेळी आपण सर्वांनी या प्रकारावर कठोर टीका केली होती. संख्येच्या बळावर संसदीय संकेत पायदळी तुडवला, असे आपण म्हणालो, आणि ते योग्यच होते. पुढे २०१२ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. २०१७ च्या डिसेंबरमध्ये विशेष न्यायालयाने फौजदारी खटल्यातील आरोपींना निर्दोष ठरवले. न्यायालयांनी आपापले काम केले. संसदेने मात्र स्वतःच्या समितीचा सर्वमान्य असा एक शब्दही त्या प्रकरणावर उमटवला नाही. त्याच विषयावर नेमलेल्या, पी. सी. चाको यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त संसदीय समितीचा अहवालही २०१३ च्या अखेरीस भिन्नमतपत्रिकांच्या ओझ्याखालीच आला.

संयुक्त समित्यांचा इतिहास तर अधिकच बोलका आहे. बोफोर्स प्रकरणी १९८७ साली बी. शंकरानंद यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीवर विरोधकांनी बहिष्कार घातला. सरकारला दोषमुक्त करणारा अहवाल आला आणि त्यावर कोणाचाही विश्वास बसला नाही. बहिष्काराने विरोधकांचे त्या वेळी राजकीय नुकसान झाले नाही, पण कागदपत्रे तपासण्याची संधी गेली ती गेलीच. याउलट २००३ चे उदाहरण पाहा. शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचे दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने जाहीर केले तेव्हा वाजपेयी सरकारने संयुक्त समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद विरोधी बाकावरील शरद पवार यांच्याकडे जाऊ दिले. निवडणुका काही महिन्यांवर होत्या. तरीही २००४ च्या फेब्रुवारीत अहवाल आला, त्याने केंद्राचे निष्कर्ष योग्य ठरवले आणि त्यावर पक्षीय धुरळा उडाला नाही. विषय लहान होता म्हणून हे जमले, असे कोणी म्हणेल. बड्या परदेशी कंपन्यांचे हितसंबंध ज्यात गुंतलेले आहेत तो विषय लहान कसा म्हणावा?

काही अभ्यासू मंडळी यावर उपाय सुचवतात की समित्यांमध्ये दोन्ही बाजूंचे सदस्य समसमान ठेवावेत, म्हणजे संख्येचा प्रश्नच मिटेल. अमेरिकेत हा प्रयोग वारंवार झाला आहे, कारण तेथे मुख्य पक्ष दोनच. त्याचे फळ मात्र दोन्ही प्रकारचे आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर, मृतांच्या कुटुंबीयांनी आग्रह धरला म्हणून, २००२ च्या नोव्हेंबरमध्ये दहा जणांचा चौकशी आयोग नेमण्यात आला. पाच रिपब्लिकन, पाच डेमोक्रॅट. अध्यक्ष रिपब्लिकन टॉमस कीन, उपाध्यक्ष डेमोक्रॅट ली हॅमिल्टन. दोघांनी ठरवून टाकले की वृत्तवाहिन्यांसमोर जायचे ते जोडीनेच. बाराशेहून अधिक लोकांशी बोलून, सुमारे पंचवीस लाख पाने तपासून, २२ जुलै २००४ रोजी, म्हणजे अध्यक्षीय निवडणूक ऐन तोंडावर असताना, या आयोगाने एकमुखी अहवाल दिला. आणि २०११ साली? सरकारी तूट किमान १.२ लाख कोटी डॉलरने कमी करण्याचा मार्ग शोधण्यासाठी सहा अधिक सहा अशी बारा जणांची संयुक्त समिती नेमली गेली. एकमत झाले नाही तर खर्चात सरसकट कपात आपोआप लागू होईल, अशी टांगती तलवारही ठेवली होती. २१ नोव्हेंबर २०११ रोजी समितीने हात टेकले. २०१३ च्या मार्चमध्ये ती तलवार खरोखरच खाली आली.

दोन्हीकडे संख्या समान होती. मग फरक कोठे पडला? आयोगातील कोणीही त्या वेळी अधिकारपदावर नव्हते. माजी राज्यपाल, माजी खासदार, नामवंत वकील अशी ती मंडळी होती, आणि त्यांच्यापुढचा प्रश्न घडलेल्या गोष्टीचा होता. बारा जणांच्या समितीत सगळेच विद्यमान खासदार होते. कर वाढवायचा की खर्च कापायचा, हा त्यांच्या पक्षांच्या अस्तित्वाचा प्रश्न होता, आणि तो त्यांच्यावर बाहेरून सोपवला गेला होता. सहा-सहाची बरोबरी ही तडजोडीची हमी नव्हे. पुष्कळदा ती कोंडीची हमी असते. आपल्याकडे संख्येची बरोबरी न ठेवता खुर्ची विरोधकाला देण्याची जी रीत पडली, ती माझ्या मते अधिक शहाणपणाची आहे. बहुमत सत्ताधाऱ्यांचे राहते, पण कार्यक्रमपत्रिका विरोधकाच्या हाती असते. दोघांनाही एकमेकांवाचून पुढे जाता येत नाही.

आता त्या तरुणाच्या मूळ प्रश्नाकडे, म्हणजे विधेयकांकडे येऊ. १९९३ पासून आपल्याकडे खात्यानुसार स्थायी समित्या आहेत. आरंभी त्या १७ होत्या, २००४ पासून २४ आहेत. पीआरएस या संसदीय कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या नोंदीनुसार चौदाव्या लोकसभेत ६० टक्के विधेयके समितीकडे गेली, पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के. सोळाव्यात हे प्रमाण पाव हिश्श्यावर आले आणि सतराव्यात १६ टक्क्यांवर. पहिल्या दोन आकड्यांच्या काळात आपण विरोधात होतो, नंतरच्या दोन आकड्यांच्या काळात सत्तेत. ही गोष्ट आपणच आपल्याला सांगितलेली बरी. दुसऱ्याने सांगितली की ती आरोपासारखी वाटते.

याचा अर्थ या काळात समित्यांनी काहीच केले नाही असा नाही. दिवाळखोरीविषयीची संहिता २०१५ च्या डिसेंबरमध्ये मांडली गेली, भूपेंद्र यादव यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीने काही महिन्यांत तिची बारकाईने छाननी केली आणि २०१६ च्या मे महिन्यात कायदा झाला. इतक्या मोठ्या आर्थिक सुधारणेवर सभागृहात रणकंदन झाले नाही. २०१९ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण विधेयकावर समितीने दोन वर्षे घेतली आणि इतक्या दुरुस्त्या सुचवल्या की सरकारने २०२२ साली ते मागे घेऊन नव्याने लिहिले. वेळ गेला, हे खरे. पण सदोष कायदा न्यायालयात अडकून पडण्यात जो वेळ जातो, त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

तथापि मला सर्वांत महत्त्वाचे उदाहरण वाटते ते २०१५ च्या भूसंपादन विधेयकाचे, आणि अभ्यासवर्गात नेमके तेच सांगायचे राहून गेले. २०१३ च्या कायद्यात खासगी प्रकल्पासाठी ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी ७० टक्के बाधित कुटुंबांच्या संमतीची अट होती. २०१४ च्या डिसेंबरमध्ये वटहुकूम काढून पाच प्रकारच्या प्रकल्पांना ती अट माफ करण्यात आली. लोकसभेत बहुमत होतेच, विधेयक तेथे संमतही झाले. राज्यसभेत ते होत नव्हते, म्हणून मे महिन्यात ते एस. एस. अहलुवालिया यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीकडे गेले. समितीपुढे निवेदन देण्यासाठी जे आले, त्यांत भारतीय किसान संघ होता. विचारपरिवारातील आणखीही काही संघटना होत्या. शेतकऱ्याच्या संमतीवाचून त्याची जमीन घेऊ नये, हे त्यांनी समितीला निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. सभागृहात त्यांना बोलायला जागा नव्हती. वाहिन्यांवर बोलल्या असत्या तर 'परिवारात फूट' अशा ठळक मथळ्यापलीकडे काही निष्पन्न झाले नसते. समितीच्या खोलीत त्यांचे म्हणणे टिपणीत नोंदले गेले, त्यावर प्रश्न विचारले गेले. आणि २०१५ च्या ऑगस्टच्या आरंभी समितीतील भाजपच्या अकराही सदस्यांनी संमतीची अट आणि सामाजिक परिणामांची पाहणी परत आणणाऱ्या दुरुस्त्या स्वतःच मांडल्या. त्या महिन्याच्या अखेरीस वटहुकूम संपुष्टात येऊ दिला गेला.

पक्षनेतृत्वाच्या संमतीवाचून हे झाले नसणार, हे उघड आहे. बिहारची निवडणूक जवळ आली होती, राज्यसभेतले गणित प्रतिकूल होते, हेही खरे. पण सरकारला एखादे पाऊल मागे घ्यायचे असेल तर ते मानाने घेता येईल अशी जागा लागते. सभागृहात माघार घेतली की ती पराभव ठरते. समितीत घेतली की ती दुरुस्ती ठरते. आपल्याच सरकारचे चुकत आहे असे आपल्याच माणसांना वाटले, तर ते सांगायचे कोठे, या प्रश्नाचे इतके स्वच्छ उत्तर मला दुसरीकडे आढळलेले नाही.

म्हणूनच अलीकडची चित्रे अस्वस्थ करतात. वक्फ दुरुस्ती विधेयकावरील संयुक्त समितीत २२ ऑक्टोबर २०२४ रोजी तृणमूलचे कल्याण बॅनर्जी यांनी काचेची बाटली आपटून स्वतःचाच हात जखमी करून घेतला. ज्येष्ठ विधिज्ञ म्हणवणाऱ्या खासदाराला हे शोभले नाही. २४ जानेवारी २०२५ रोजी विरोधी पक्षांच्या दहा सदस्यांना एका दिवसासाठी निलंबित करावे लागले. यात त्यांचा दोष मोठा आहे. पण पुढे दुरुस्त्यांवर मतदान झाले तेव्हा सत्ताधारी बाजूच्या १४ स्वीकारल्या गेल्या आणि विरोधकांच्या सर्वच्या सर्व फेटाळल्या गेल्या. अहवाल १५ विरुद्ध ११ मतांनी संमत झाला. त्या कायद्याच्या गुणदोषांचा हा विषय नव्हे. पण त्या सगळ्यांत एकही दुरुस्ती, एखादा शब्दसुद्धा, घेण्याजोगा नव्हता काय? एखादी घेतली असती तर कायद्याचे काही बिघडले नसते आणि 'समिती हा देखावा होता' या आरोपातली हवा निघून गेली असती.

विरोधकांनी तर आता बोफोर्सच्या काळाकडेच पाऊल वळवले आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मांडलेल्या १३० व्या घटनादुरुस्ती विधेयकासाठी नोव्हेंबरमध्ये ३१ जणांची संयुक्त समिती झाली. विरोधी आघाडीतील बहुतेक मोठे पक्ष तिच्यात आलेच नाहीत. सुप्रिया सुळे आणि असदुद्दीन ओवैसी यांच्यासारखे मोजके जण आले. जे आले नाहीत त्यांच्या हरकती कोणत्याही अहवालात नोंदल्या जाणार नाहीत, आणि उद्या कधी ते सत्तेत आले तर आपणही त्यांच्या समित्यांवर बहिष्कार घालायला मोकळे, अशी मागची-पुढची उसनवारी सुरू होईल. ती थांबवण्याचे काम पहिल्यांदा कोणाचे, असे मला कोणी विचारले तर ज्याच्याकडे मते अधिक त्याचे, असेच उत्तर मी देईन. ज्याच्याकडे ती नाहीत त्याच्याकडे द्यायला आणि सोडायला असतेच काय?

त्या तरुणाला मी नंतर पत्र लिहिले. भूसंपादनाच्या समितीची हकीकत कळवली, किसान संघाच्या निवेदनाविषयी लिहिले. त्याचे उत्तर आले. त्यात त्याने त्या अकरा खासदारांची नावे विचारली आहेत. अध्यक्ष सोडले तर मलाही सगळी आठवली नाहीत. शोधून कळवतो असे लिहिले आहे.